सायकलचं छोटं दुकान: पहिल्या तीन वर्षांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडसारख्या तालुक्याच्या गावात, कॉलेजच्या रस्त्यावर २८० चौरस फुटांचा गाळा मिळतोय, भाडं महिना १२,००० रुपये. हातात स्वतःचे चार लाख, बँकेचे अडीच लाख. मालकाला दुरुस्ती बऱ्यापैकी येते, हाताखालच्या मुलाला पंक्चर आणि साधी फिटिंग येते. सायकली किती भराव्यात, कोणत्या कंपनीच्या घ्याव्यात, आणि पहिली दोन-तीन वर्षं दुकान तगवायचं कसं?

सायकली किती भरायच्या ते थोडं मागे ठेवू. आधी महिन्याचा खर्च तासांत मोडा. भाडं १२,०००, मुलाचा पगार १४,०००, बँकेचा हप्ता ५,५००, वीज-फोन-इंटरनेट ३,०००, आणि हिशोबनीस, ग्रीस, रॉकेल, चिंध्या, चहापाणी मिळून ४,५००. झाले ३९,०००. यात मालकाचा पगार धरलेला नाही. आता हत्यारं हातात घेऊन प्रत्यक्ष काम किती होतं ते बघा. दुकान दहा तास उघडं असलं तरी गिऱ्हाईकाशी बोलणं, फोन, माल उतरवणं यातून पैसे मिळवणारे तास दिवसाला पाचच निघतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३० तास. ३९,००० भागिले १३०, म्हणजे तासाला ३०० रुपये. मालकाने स्वतःला १५,००० घ्यायचे ठरवले की हाच आकडा ४१५ वर जातो. हा आकडा कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवा. पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी ताडून घ्यायचे आहेत.

चाकाचा आउट (डगमग) काढायला २० मिनिटं लागतात आणि १०० रुपये मिळतात, म्हणजे तासाला ३००, ठीक. गिअर लावायला २५ मिनिटं आणि १५० रुपये, हे चांगलं काम. पण पूर्ण ओव्हरहॉलिंगला साडेतीन तास जातात, आणि शेजारचा दुकानदार ६०० घेतो म्हणून तुम्हीही ६०० घेतले, तर तासाला १७१ पडतात. नव्या दुकानांचं खरं दुखणं हे आहे: दिवसभर मान वर करायला फुरसत नाही आणि महिनाअखेर गल्ल्यात काही नाही. ओव्हरहॉलिंगचे एक हजाराच्या वर घ्या, नाहीतर ते तोडून विका: हब (चाकाचा मधला भाग) वेगळा, बीबी (पेडलच्या दांड्यांमधलं बेरिंग) वेगळी, हेडसेट (हँडलखालचं बेरिंग) वेगळा. बहुतेक सायकलींना तिन्ही एकदम लागतही नाहीत. पंक्चर तासाच्या हिशोबात तोट्यातच जातं, तरी ते सोडू नका. पंक्चरला आलेल्या सायकलचं टायर, ब्रेक शू आणि चेन तुमच्या हाताखालून जाते, आणि सुट्या भागांचं गिऱ्हाईक तिथेच तयार होतं.

आता नवी सायकल. ८,००० अधिक ५ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४०० ला घेतलेली सायकल १०,५०० ला लावली. कर वजा जाता सुटतात २,०००. गिऱ्हाईक घासाघीस करतं, ५०० सोडावे लागतात, त्यातला कराचा भाग वगळून उरले १,५२४. व्यवस्थित फिटिंगला दीड तास, दोन मोफत सर्व्हिसिंगला पाऊण-पाऊण तास, एकूण तीन तास, म्हणजे ९०० रुपये. वाहतूक १५० धरा. हातात जेमतेम पावणेपाचशे. ८,४०० रुपयांवर महिना एक टक्का व्याज धरलं तर ८४ रुपये होतात. साडेपाच महिने ती सायकल टांगून राहिली की नफा संपला. त्यात पुढच्या बाजूला लावलेल्या सायकलचा उन्हाने रंग उडतो, स्टिकर पांढरे पडतात, बोल्टना गंज धरतो, मग भाव आणखी पडतो.

म्हणून साडेसहा लाखांची वाटणी साधारण अशी करावी. सहा महिन्यांची अनामत ७२,०००. फर्निचर, भिंतीचे हुक, कामाचं टेबल आणि दिवे ८०,०००. हत्यारं आणि छोटा कंप्रेसर ५५,०००. सायकली ९०,०००. सुटे भाग एक लाख. परवाने, पाटी, बिलबुकं मिळून १९,०००. उरलेले २,३४,००० म्हणजे सहा महिन्यांचा पूर्ण खर्च. याला हात लावायचा नाही. लांबच्या वितरकाने 'वीस सायकली उचला, एक मोफत' अशी स्कीम दाखवली की हीच रक्कम खुणावते. मोफत सायकल कोणत्या साइजची आणि कोणत्या रंगाची येते ते आधी विचारा, उत्तरात सगळं कळतं.

९०,००० त सायकली पंधराच्या आसपास बसतात. लहान मुलांच्या १२, १४, १६ आणि २० इंची मिळून पाच. शाळकरी मुलामुलींच्या २४ आणि २६ इंची बिनगिअरच्या पाच, त्यातल्या दोन बास्केटच्या लेडीज. गिअरच्या रेंजर (सरळ हँडल आणि जाड टायरवाल्या) तीन, त्या २६, २७.५ आणि २९ अशा तीन साइजच्या, म्हणजे बसवून दाखवता येतं. दूधवाले आणि शेतकरी यांच्यासाठी काळ्या सायकली दोन. पाचशे-हजाराच्या फरकाची तीच तीच मॉडेलं ओळीने लावू नका. गिऱ्हाईक गोंधळतं आणि 'घरी विचारून येतो' म्हणून निघून जातं.

साइजच्या बोलण्यात एक घोळ कायम होतो. काळ्या सायकलचं '२२ची' किंवा '२४ची' म्हणजे फ्रेमची उंची, चाक बहुधा २८ इंची. रेंजरचं '२६' म्हणजे चाक. फोनवर 'बावीसची आहे का' विचारलं तर कोण चालवणार आणि उंची किती, एवढं विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आईबाप कपड्यांसारखी सायकलही वाढत्या अंगाची मागतात. मुलगा सीटवरून उतरून दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभा राहिला की दांडी आणि मांडीत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवं. तेवढं नसेल तर विकू नका, कारण पडलेलं मूल सायकल सोडून देतं आणि ती सायकल सहा महिन्यांत 'परत घ्या' म्हणून तुमच्याच दारात येते.

सुट्या भागांत सगळ्यात महाग चूक टायर-ट्यूबमध्ये होते. २६×१.९५ आणि २६×१⅜ या दोन्हींवर २६ लिहिलेलं असतं, पण पहिल्याच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५९०. एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. दशांश आणि अपूर्णांक ही दोन वेगळी कुळं आहेत असं मुलाला पहिल्या दिवशी शिकवा. २० इंचीतही तेच: ४०६ आणि ४५१. २७.५ चा ५८४, २९ आणि ७००सी दोन्हींचा ६२२, काळ्या सायकलच्या २८×१½ चा ६३५. टायरच्या कडेला '५०-५५९' असा आकडा छापलेला असतो, ऑर्डर त्यावरूनच लिहा. सुरुवातीला २६ रेंजरच्या ट्यूब ३०, २८×१½ च्या २०, २४ आणि २० इंचीच्या पंधरा-पंधरा, २९ आणि २७.५ च्या सहा-सहा पुरतात. टायर याच्या एक तृतीयांश. व्हॉल्व्ह तीन जातींचे: काळ्या सायकलचा रबरी नळीवाला, मोटारसायकलसारखा जाड, आणि महागड्या सायकलींचा बारीक. बारीकवाल्या ट्यूब चार ठेवा, त्या रोज खपत नाहीत पण ज्याला लागतात तो दहा किलोमीटर ढकलत आलेला असतो.

बाकी ब्रेक शू ४० जोड्या, ब्रेक वायर ५०, गिअर वायर २०, आउटर केबलचा एक रोल, चेन जाड आणि बारीक दोन्ही. बिनगिअरला १/८ इंची, गिअरला ३/३२ इंची, आणि ६-७-८ गिअरला एकच चेन चालते. ७ गिअरचे चुडीचे फ्रीव्हील (मागच्या चाकावर आट्याने बसणारं दातेरी चक्र) चार, बिनगिअरचे सहा, कॉटर पिना एक डबी, पेडलचे दोन्ही आटे (९/१६ आणि १/२ इंची). आणि छर्रे: पुढच्या हबला बहुधा ३/१६ चे दहा-दहा, मागच्या हबला १/४ चे नऊ-नऊ, सुटे छर्रे असतील तर बीबीला १/४ चे अकरा-अकरा. जुन्यात दोन नवे मिसळू नका, बदलायचे तर सगळे बदला. नवे छर्रे किंचित मोठे असतात, सगळा भार त्यांच्यावरच येतो आणि कोन (एक्सलवरचा निमुळता नट, ज्यावर छर्रे फिरतात) खणला जातो.

हत्यारांत पैसे कुठे घालायचे? सायकल वर धरणारा भक्कम स्टँड, आउट काढायचा ट्रूइंग स्टँड, १३ ते १७ चे पातळ कोन पाने, क्रँक (पेडलचा दांडा) उपटायचा पुलर, फ्रीव्हीलचे ओपनर (दोन खाचांचा, चार खाचांचा आणि दातेरी असे तीन), चेन कटर, चांगल्या ॲलन की, चांदणीच्या टोकाची टी-२५, केबल कटर, आणि किती जोराने आवळलं ते दाखवणारा एक टॉर्क पाना. पक्कडीने केबल तोडलीत की टोक फुलतं आणि पुन्हा आउटरमध्ये जात नाही. कंप्रेसर घेतला तरी गेज असलेला पंप ठेवा. कंप्रेसरने ट्यूब फुटण्याचं कारण बहुधा जादा हवा नसतं, टायरची कड रिमच्या बाहेर राहिलेली असते. आधी थोडी हवा भरा, चाक फिरवून कड दोन्ही बाजूंनी बघा, मगच पुढची भरा, आणि टायरवर छापलेल्या दाबाच्या वर जाऊ नका.

फिटिंगवर जरा थांबतो, कारण पहिल्या वर्षात दुकानाचं नाव इथेच होतं किंवा जातं. रेंजर खोक्यातून साधारण ८५ टक्के जोडलेली येते, म्हणून उरलेलं वीस मिनिटांत उरकायची सवय लागते. खोकी एकावर एक पडून येतात, त्यामुळे मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो जिला टांगलेला असतो ती पट्टी, आत वाकलेला असू शकतो. मागून बघा: डिरेलरच्या दोन चकत्या दात्यांच्या सरळ रेषेत हव्यात. मग मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर चेन नेऊन डिरेलर हाताने आत ढकला. तो त्याच्या पलीकडे जात असेल तर 'एल' स्क्रू (आतली हद्द ठरवणारा) आवळा. हे राहिलं तर चढावर गिऱ्हाईक हलका गिअर टाकतं, डिरेलर आऱ्यांत जातो, आणि डिरेलर, हँगर, चार आरे एका झटक्यात जातात. असं झालेल्या सायकलचं कोणीही 'मी नीट चालवली नसेल' म्हणत नाही.

चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर सर्रास दिसतात. व्ही-ब्रेकचे खुंट पुढच्या बाजूला, आणि डिस्क ब्रेकचं कॅलिपर चिमट्याच्या डाव्या पायाच्या मागे, हे बघितल्याशिवाय हँडल आवळू नका. पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, डाव्याचा आटा उलटा. आट्याला ग्रीस लावून तीन-चार वळसे हातानेच घ्यायचे, पाना नंतर. वाकडं सुरू झालेलं पेडल पान्याने जबरदस्तीने आत जातं आणि महिन्याभरात ॲल्युमिनियमच्या क्रँकचा आटा घेऊन बाहेर येतं. पेडल ३५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळा, चौकोनी एक्सलच्या क्रँकचा बोल्ट ३५ ते ४०. हा बोल्ट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये बसून सैल होतो. तसाच चालवला की क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, मग कितीही आवळा, टकटक थांबत नाही. मोफत सर्व्हिसिंगला बोलावण्याचं पहिलं कारण हा बोल्ट आहे, धुणं-पुसणं नंतरचं.

हबचे कोन नव्या सायकलला बहुधा घट्ट येतात. चाक उचलून सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून खाली यायला हवं, आणि रिम धरून हलवली तर खेळ नको. आऱ्यांच्या जोड्या हाताने दाबून घ्या, आवाज करत निपल (आऱ्यांच्या टोकाचे नट) बसतात, मग आउट एक मिलिमीटरच्या आत आणा. डिस्कला तेलाचा हात लागला तर ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. रोटर (ब्रेकची चकती) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पण तेल प्यायलेले पॅड बदलावे लागतात. चेनला तेल घालणारा हात आणि रोटर धरणारा हात एकच नको.

पंक्चरबद्दल एवढंच: सोल्यूशन लावून पाच मिनिटं पूर्ण सुकू द्या, ओल्यावर चिकटवलेला ठिगळ उन्हात सुटतो. आणि भोक कुठे आहे ते वाचायला शिका. बाहेरच्या बाजूचं भोक म्हणजे बाभळीचा काटा किंवा खिळा, तो टायरमध्ये अजून आहे का ते बोटं फिरवून बघा. आतल्या बाजूचं म्हणजे रिम टेप सरकून आऱ्याचं टोक लागलंय. शेजारी-शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी आणि खड्डा. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर ठिगळ टिकत नाही, ट्यूबच बदला आणि कारण गिऱ्हाईकाला दाखवा. दाखवलं की दुसऱ्यांदा ट्यूब घेताना कोणी कुरकुर करत नाही.

ऑनलाइन घेतलेली सायकल घेऊन लोक येतील. तोंड वाकडं करू नका. त्यांना फिटिंग हवं असतं आणि त्या सायकलवर तुमचे पैसे अडकलेले नसतात. दीड तासाचे ६०० घ्या, काम वर सांगितलं तसंच करा. तासाला ४०० पडतात. पाचशेची सूट देऊन विकलेली नवी सायकल अडीच-तीन महिने टांगून राहिलेली असेल, तर तासाच्या हिशोबात हे काम तिच्यापेक्षा चांगलं बसतं.

कागदपत्रांत फार वेळ घालवू नका, पण दोन गोष्टी चुकतात. महाराष्ट्रात हाताखाली एक-दोनच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटी नोंदणीची वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. दुरुस्तीची मजुरी घेता म्हणजे तुम्ही सेवाही देता, त्यामुळे २० लाख धरून चाला आणि हिशोबनिसाला हे आधीच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि बहुतेक सुट्या भागांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे कंपोझिशन (खरेदीवरचा कर वजा न करता उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) घ्यावी की नको, हे गणित आता जवळजवळ बरोबरीत येतं. वरच्याच सायकलला सूट न देता नेहमीच्या पद्धतीत २,००० सुटतात, कंपोझिशनमध्ये एक टक्का कर भरून १,९९५. सुट्या भागांवर नफा जास्त असल्याने तिथे कंपोझिशन थोडी सरस पडते आणि विवरणपत्रंही कमी. पण तिच्यात मजुरीचं उत्पन्न उलाढालीच्या दहा टक्के किंवा पाच लाख, यातलं जे जास्त असेल त्याच्या आत ठेवावं लागतं. शिवाय कर दाखवणारं बिल देता येत नाही, त्यामुळे एखाद्या कारखान्याला आवारात फिरायला दहा सायकली हव्या असतील तर ते तुमच्याकडून घेणार नाहीत.

पक्क्या बिलावर फ्रेम नंबर लिहा, तो बहुधा बीबीच्या खाली ठोकलेला असतो. फ्रेमच्या वॉरंटीला, चोरीच्या तक्रारीला तोच लागतो. जुनी सायकल विकत घेताना विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, सही आणि तोच नंबर वहीत हवा. चोरीचा माल घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये बसतं, आणि 'मला काय माहीत' हे सांगायलाही तुमच्याकडे कागद लागतो. दुरुस्तीला ठेवलेल्या प्रत्येक सायकलला दोन भागांची चिठ्ठी लावा: नाव, मोबाइल, ठरलेलं काम, अंदाजे रक्कम, आधीचे ओरखडे. ठरल्यापेक्षा खर्च वाढत असेल तर हात लावण्याआधी फोन करा. चिठ्ठीवर 'तीस दिवसांत न्यावी' छापा, नाहीतर दुसऱ्या वर्षी निम्मा गाळा लोकांच्या विसरलेल्या सायकलींनी भरतो.

वर्षाची चाल ओळखा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून महिनाभर शाळकरी सायकली. दिवाळी-पाडव्याला लहान मुलांच्या. ऊसबिलं सुटली की काळ्या आणि गिअरच्या. जुलै-ऑगस्टला विक्री बसते, पण दुरुस्ती वाढते, कारण बेरिंगमध्ये पाणी, चेनला गंज, चिखलाने झिजलेले ब्रेक शू. शाळकरी माल एप्रिलअखेर सांगून ठेवा, ऐन जूनमध्ये वितरक मोठ्या गिऱ्हाईकाला आधी देतो. उधारी शाळा-संस्थांपुरती आणि तीही लेखी ऑर्डरवर. ओळखीच्यांची उधारी फार तर पंक्चरपुरती ठेवा.

कंपन्या दोन घ्या. एक स्वस्त शाळकरी मालाची, एक गिअरच्या मालाची, आणि दोघांचाही वितरक पुण्या-कोल्हापुरात हवा, म्हणजे सुटा भाग दोन दिवसांत येतो. एकाच कंपनीवर विसंबू नका. ३ जून २०२०ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलससारख्या जुन्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना थांबला. त्याच सुमारास टाळेबंदीमुळे मागणी मात्र इतकी वाढली की दुकानदारांनी गिअरच्या सायकली भरभरून मागवल्या, आणि लाट ओसरल्यावर त्या भिंतींवर राहिल्या.

इलेक्ट्रिक सायकलींना तिसऱ्या वर्षाआधी हात लावू नका. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती वाहन नोंदणीतून सुटते. पण बॅटरीच्या वॉरंटीचा वाद कंपनीशी आणि गिऱ्हाईकाशी एकाच वेळी घालायला वेळ लागतो, आणि तो तुमच्या १३० तासांतूनच जाणार.

प्रत्येक सायकलच्या सीटखाली आल्याच्या तारखेची चिठ्ठी बांधा. ३१ मार्चला सगळा माल मोजा. जे सहा महिन्यांच्या वर पडून आहे ते खरेदीच्या भावात मेच्या आधी काढून टाका, आणि त्याच पैशांनी जूनचा शाळकरी माल भरा.